घरातलं फौजी चित्र नक्की कुणाचं? (बेळगाव-खानापूरकडच्या जाणकारांची मदत पाहिजे)

मलप्रभाकाठ :
नमस्कार मंडळी. आमचं गाव खानापूर तालुक्यात. जुन्या घराच्या सोप्यात एक मोठं ऑइल पेंटिंग आहे, अंदाजे तीन फूट बाय दोन फूट, फौजी वर्दीतल्या माणसाचं. घरात सगळे म्हणतात हे आमचे पणजोबा, पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेलेले, आणि लहानपणापासून मीही तेच धरून चाललो. म्हाळाला त्याला हार पडतो, कपाळाला गंध लावतात. यंदा पावसानं घराची एक भिंत खचली म्हणून घर उतरवायचं ठरलं आणि चित्र बेळगावला माझ्या फ्लॅटवर आणलं. पहिल्यांदाच चांगल्या उजेडात बघितलं आणि काहीच जुळेना म्हणून इथे विचारतोय.

माणूस खुर्चीत बसलाय, गुडघ्यापर्यंत दिसतो. खाकी कोट, डोक्याला फेटा, अंगावर चामड्याचा तिरपा पट्टा. खांद्यावर एकच चांदणी. चेहरा पंचवीस-तीसचा, मिशी बारीक. दोन्ही हात मांडीवर, डाव्या हाताची करंगळी आत वळलेली. मागे पडदा आणि एक खांब. छातीला एका बाजूला नुसत्या चार रंगीत फिती, दुसऱ्या बाजूला तीन पदकं लोंबतायत. चित्रकाराची सही कुठेच नाही. मागच्या चौकटीला एक कागद चिकटवलाय, अक्षर मोडी आहे असं वाटतं, त्याला कसर लागलीय.

आता घरातली मतं. थोरले बंधू म्हणतात पणजोबा कॅप्टन होते. चुलतकाका म्हणतात फितीत तिरंगा आहे म्हणजे आझाद हिंद फौजेत होते. आणि आमची अत्ती (आत्या), वय ८२, ती म्हणते काही शोधू नको, करंगळी बघ, माझ्या आज्जाची करंगळी अशीच वाकडी होती, मी स्वतः धरून चालल्येय. पणजोबा १९५८ ला वारले तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, त्यामुळे तिचं खोटं म्हणता येत नाही. पण बसऱ्याला गेलेला माणूस आणि तिरंगा, हे एका माणसात कसं बसवायचं?

कॅम्पातला_फौजी :
जय शिवराय. मी २८ वर्षं मराठा लाइट इन्फंट्रीत काढली, रिटायर होऊन इथंच कॅम्पाजवळ राहालोय. फोटो मोठा करून बघालोय पण चार गोष्टी नीट सांगा. चामड्याचा पट्टा कुठल्या खांद्यावरून गेलाय. कोटाची बटणं कुठली बाजू वर घेऊन लागल्यात. चांदणीला टोकं किती. कॉलरवर काय हाय. आणि उजवी-डावी सांगताना बघणाऱ्याची नव्हं, चित्रातल्या माणसाची सांगायची, न्हाईतर सगळा घोळ हुतो.

मलप्रभाकाठ :
@कॅम्पातला_फौजी, त्याच्या बाजूनं सांगतो. पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे. बटणं डावी बाजू वर. कॉलरवर छोटा बिगुल आहे. चांदणी चार मोठ्या टोकांची, फुलासारखी, आपल्या नेहमीच्या पाच टोकांच्या चांदणीसारखी नाही. फिती त्याच्या डाव्या छातीवर. लोंबणारी तीन पदकं उजव्या छातीवर.

जुना_स्टुडिओवाला :
पदकं उजवीकडे म्हणजे निगेटिव्ह उलटी छापली गेली असणार. आमच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, काचेच्या प्लेटा असायच्या, घाईत प्लेट उलटी लागली की डावा माणूस उजवा व्हायचा. असल्या फोटोवरून चित्रकारानं चित्र काढलं की चूक तशीच चित्रात उतरते.

कॅम्पातला_फौजी :
@जुना_स्टुडिओवाला, साहेब तुमचं म्हणणं एरवी बरोबर असतंय, म्हणून तर आधी पट्टा विचारला. त्या पट्ट्याला सॅम ब्राऊन म्हणत्यात. सॅम ब्राऊन नावाच्या अधिकाऱ्याचा डावा हात १८५८ मध्ये लढाईत गेला, मग तलवारीचं म्यान धरायला हात न्हाई म्हणून त्यानं हा पट्टा काढला. तलवार डाव्या कमरेला, तिचं वजन उजव्या खांद्यावर. प्लेट उलटी असती तर पट्टा डाव्या खांद्यावर दिसला असता आणि बटणंबी बायकांच्या पोलक्यासारखी उलटी लागली असती. दोन्ही सरळ हाय. म्हणजे उजवीकडची पदकं कुणीतरी कळून-सवरून तिथं ठेवल्यात.

आपलं स्वतःचं पदक डाव्या छातीवर. गेलेल्या माणसाचं, म्हणजे बापाचं, भावाचं, नवऱ्याचं पदक त्याच्या घरच्यांनी लावायचं झालं तर उजव्या छातीवर. ही फौजेची रीत हाय, आजबी वीरमाता-वीरपत्नी कार्यक्रमाला येतात तेव्हा तसंच लावतात. वर्दीत मात्र दुसऱ्याचं पदक लावता येत न्हाई. म्हणून मला हे चित्र लई कोड्यात टाकालंय.

बाकी सांगतो. बिगुल म्हणजे लाइट इन्फंट्री. चार टोकांची चांदणी इंग्रजांच्या काळातली, १९५० ला प्रजासत्ताक झाल्यावर ती जाऊन पाच टोकांची आली. आणि एक चांदणी म्हणजे कॅप्टन न्हवं, कॅप्टनला तीन.

अनामिक_देशप्रेमी :
तिरंगा स्पष्ट दिसतोय की फोटोत! मराठा पलटणीतले कितीतरी जवान सुभाषबाबूंच्या फौजेत गेले होते. काकांचं म्हणणं उगीच उडवून लावू नका. इंग्रजांनी अशा माणसांची नावं दडपली, म्हणून घराघरात चित्रं अशी बेनाव राहिली.

नोंदवही_निपाणी :
@अनामिक_देशप्रेमी, भावना समजते, आझाद हिंदमध्ये गेलेल्यांबद्दल मलाही तेवढाच आदर आहे, पण फितीच्या रंगांचा क्रम बघा. तिरंगा केशरी, पांढरा, हिरवा. या फितीत कडेला लाल, मग पांढरा, मधे हिरवा, परत पांढरा, परत लाल. पाच पट्टे. हा 'इटली स्टार', इटलीच्या झेंड्याचे रंग आहेत ते. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्यांना मिळालेलं पदक.

@मलप्रभाकाठ, बाकी तीन फितींचे रंग डावीकडून उजवीकडे जसे दिसतात तसे लिहा. आणि लोंबणाऱ्या तिन्ही पदकांच्या फितीपण. अगदी सावकाश.

मलप्रभाकाठ :
भिंग घेऊन बसलो. फिती : पहिली गडद निळा, लाल, फिका निळा, तीन सारखे पट्टे. दुसरी वाळूच्या रंगाची, मधे जाड लाल आणि दोन बाजूला बारीक निळ्या रेघा, एक गडद एक फिकी. तिसरी तुम्ही सांगितली ती. चौथी कडेला लाल, मग निळा, अगदी मधे बारीक लाल-पांढरं काहीतरी.

लोंबणारी : पहिलं पदक चार टोकांचा तारा, त्यात दोन तलवारी एकमेकींवर, फीत लाल-पांढरी-निळी एकमेकांत मिसळलेली. दुसरं गोल, पांढरं, घोडेस्वार, फीत मधे नारिंगी आणि कडेला निळी. तिसरं गोल, पिवळसर, त्यावर पंख असलेली बाई, फीत इंद्रधनुष्यासारखी.

नोंदवही_निपाणी :
हे तर अगदी स्वच्छ वाचता येतंय. ज्यानं रंगवलं त्यानं डोळ्यासमोर ठेवून रंगवलंय, आठवणीतून नाही.

उजवीकडची तिन्ही पहिल्या महायुद्धाची : १९१४-१५ स्टार, ब्रिटिश वॉर मेडल, व्हिक्टरी मेडल. १९१५ संपायच्या आत जो लढाईच्या मुलखात पोचला त्यालाच ही तिन्ही मिळायची. डावीकडची चारही दुसऱ्या महायुद्धाची : १९३९-४५ स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार आणि वॉर मेडल.

म्हणजे एकाच छातीवर दोन युद्धं. दोन्ही युद्धं केलेला माणूस असता तर सातही डावीकडे एका ओळीत असते. आणि १९१५ ला बसऱ्याला गेलेला माणूस १९४४ ला इटलीत एका चांदणीचा जमादार म्हणून, तेही पंचवीस-तीसच्या चेहऱ्यानं, हे होणारच नाही.

अजून एक. इटली स्टार जाहीर झाला मे १९४५ मध्ये आणि वॉर मेडल त्याच्याही नंतर, ऑगस्ट १९४५ मध्ये. त्यामुळे चित्र ऑगस्ट १९४५ नंतरचं आणि चार टोकांच्या चांदणीमुळे बहुतेक १९५० च्या आधीचं. फिती आधी मिळायच्या, धातूची पदकं मागाहून आली, म्हणून डावीकडे नुसत्या फिती असाव्यात.

पुण्यातली_बेळगावकर :
काय सुंदर धागा आहे हा. आमच्या आजोळी वडगावला पण असंच एक चित्र होतं, मामांनी घर विकताना भंगारवाल्याला दिलं, चौकटीचे सागवान बघून त्यानं उचललं. आज वाचताना पोटात तुटलं. मलप्रभाकाठ, तुम्ही नशीबवान आहात, सांभाळा.

मलप्रभाकाठ :
@नोंदवही_निपाणी, "जमादार" म्हणालात त्यावरून आठवलं. बंधू म्हणाले की लहानपणी एकदा मागच्या कागदावर कुणीतरी "जमादार" असं वाचलं होतं आणि आजोबांना ते आवडलं नव्हतं, शाळेत पोरं चिडवतील म्हणून घरात कॅप्टन म्हणायचं ठरलं. मला वाटलं होतं जमादार म्हणजे झाडलोट करणारा किंवा फार तर मुकादम.

कॅम्पातला_फौजी :
मलप्रभाकाठ दादा, हे वाचून वाईट वाटलं. जमादार म्हणजे त्या काळात व्हाइसरॉयच्या कमिशनचा अधिकारी. शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार एवढ्या पायऱ्या चढून मग जमादार, खांद्यावर एक चांदणी. मग सुभेदार, दोन चांदण्या. मग सुभेदार मेजर. जमादाराच्या हाताखाली अख्खी प्लाटून असायची, तीसेक माणसं, आणि गोरा साहेब बदलला तरी प्लाटूनला जेवण मिळालं का न्हाई, पाय सुजले का न्हाई हे जमादारच बघायचा. १९६५ मध्ये ते नाव बदलून नायब सुभेदार केलं. माझी स्वतःची पहिली चांदणी तीच. घरच्यांना सांगा, लपवण्यासारखं त्यात काईबी न्हाई.

रंगपेटी_शहापूर :
मी चित्रकला शिकवते, शहापुरात राहते. पदकातलं मला कळत नाही पण चित्र म्हणून दोन-तीन गोष्टी दिसल्या त्या सांगते.

आधी सहीबद्दल. कुणीतरी विचारेलच म्हणून सांगते, सही नसताना मोठ्या चित्रकाराचं नाव चिकटवायला जाऊ नका. आपल्या बेळगावला के. बी. कुलकर्णी सरांची परंपरा आहे, रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली घडले, आणि वर कोल्हापूरला आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्यापासून व्यक्तिचित्रणाचं मोठं वातावरण होतं, त्या वातावरणात कितीतरी बिननावाचे चांगले हात तयार झाले. देवळाचे पडदे, नाटकाचे सीन, दुकानाच्या पाट्या आणि गेलेल्या माणसांच्या तसबिरी, हे सगळं तेच करायचे. हे त्यातल्याच एकाचं काम असेल आणि तो हात चांगला आहे.

आता चेहरा बघा. चेहऱ्यावर उजेड अगदी समोरून, सपाट, नाकाची सावली जवळजवळ नाही. छोट्या फोटोवरून मोठं केलेल्या चेहऱ्याला असा उजेड असतो. डोळ्यांच्या कडा, फेट्याची घडी काळजीपूर्वक काढलीय पण मान आणि कॉलर जिथे भेटतात तिथे जोड दिसतो, मान किंचित बारीक पडलीय. गळ्याच्या खाली मात्र उजेड डावीकडच्या खिडकीतून येतो. कोटाच्या सुरकुत्या खऱ्या आहेत, पोट थोडं पुढे आलंय, बटणाला ताण पडलाय. पंचवीस वर्षांच्या फौजी जवानाचं हे पोट नाही.

आणि हात! मी ते हात कितीतरी वेळ बघत बसले. शिरा वर आलेल्या, सांधे जाड, नखं रुंद, अंगठ्याखाली कातडी सैल. हे साठीतल्या शेतकऱ्याचे हात आहेत. चित्रकारानं सगळ्यात जास्त जीव तिथे ओतलाय, रंगाचे थर जाड आहेत, खालून लाल मातीसारखा रंग वर येतो. हे फोटोवरून होत नाही, माणूस समोर बसल्याशिवाय असे हात निघत नाहीत.

माझं मत असं की चेहरा एका माणसाचा आणि गळ्याखालचं सगळं दुसऱ्याचं.

मलप्रभाकाठ :
अंगावर काटा आला. सकाळी उठून परत बघितलं, आता हात सोडून दुसरं काही दिसतच नाही.

खानापूरची_सून :
एक विचारू का? तुम्ही म्हणालात म्हाळाला हार घालतात. तुमच्या घरी म्हाळ कुठल्या तिथीला असतो? पणजोबा कुठल्या तिथीला गेले? आमच्याकडे सासूबाई तिथीबद्दल फार कडक होत्या म्हणून विचारतेय.

मलप्रभाकाठ :
पणजोबा गेले श्रावणात, पंचमीला. अत्तीला पक्कं आठवतं कारण नागपंचमीचा सण त्यामुळे घरात बंद झाला. पंचमीचा म्हाळ करतोच. पण चित्राला हार पडतो तो चतुर्दशीला, सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी एक पान वाढतात. का ते कधी विचारलं नाही, चालत आलंय म्हणून करतो.

खानापूरची_सून :
मग उत्तर तुमच्याच घरात आहे हो. भाद्रपद वद्य चतुर्दशी म्हणजे घातचतुर्दशी. शस्त्रानं गेलेल्यांचा, लढाईत किंवा अपघातात गेलेल्यांचा म्हाळ त्या दिवशी करतात. अंथरुणात गेलेल्याचा नाही करत. तुमच्या घरातलं कुणीतरी लढाईत गेलंय आणि ते पान त्याचं आहे. अत्तींना हळू विचारा, एकदम नका विचारू.

मलप्रभाकाठ :
आज गावाला जाऊन आलो. म्हणून उशीर झाला, माफ करा.

अत्तीला चतुर्दशीचं विचारलं. ती आधी काही बोललीच नाही, तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "थोरल्या काकाचं पान ते." माझ्या आजोबांना एक थोरला भाऊ होता हे मला ५१ व्या वर्षी कळलं. तो फौजेत होता, लग्न झालेलं नव्हतं. अत्तीनं त्याला बघितलेला नाही, ती पाळण्यात होती तेव्हा तार आली. पणजीसमोर त्याचं नाव काढलं की ती जेवायची नाही, म्हणून घरात नाव घ्यायचं बंद झालं आणि मग पुढच्या पिढीला ते पोचलंच नाही. पणजी गेली १९७१ ला, तोपर्यंत बोलायची सवयच मोडली होती.

मी विचारलं मग चित्र कुणाचं? अत्ती परत तेच म्हणाली, करंगळी आज्जाची आहे.

पणजोबांबद्दलपण थोडं निघालं. ते इराकात कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकले होते, 'कूट' म्हणायची अत्ती, आम्हाला वाटायचं कुठलं तरी कूटकारस्थान. तिथे घोडे मारून खायची पाळी आली होती असं ते सांगायचे आणि जन्मभर टांग्यात बसले नाहीत, खानापूर स्टेशनवरून गावापर्यंत चालत यायचे. करंगळी तुर्कांच्या कैदेत रुळाच्या कामावर मोडली.

आणि एक गोष्ट, सांगताना हात थरथरतायत. आमच्या देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी एक पिवळी गोल देवी आहे, तिला आम्ही पंखवाली आई म्हणतो, नवरात्रात ती पण चिंचेनं घासून बसवतात. मी ती उचलून खिडकीत नेली. चित्रातल्या तिसऱ्या पदकावर आहे तीच बाई. कडेला बारीक इंग्रजी अक्षरं आहेत, बरीचशी झिजलीत, "११७" आणि "मराठाज" एवढं लागलं.

नोंदवही_निपाणी :
व्हिक्टरी मेडल! कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असायची. ११७ मराठाज ही सहाव्या पूना डिव्हिजनमधली पलटण, १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी कूत-अल-अमारात अडकल्या. डिसेंबर १९१५ पासून १४७ दिवस वेढा, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. घोड्याचं मांस खायला हिंदी शिपायांनी बरेच आठवडे नकार दिला होता, उपासमारीनं माणसं खंगली तरी. नंतर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, रेल्वेच्या कामाला लावलं, त्यात फार माणसं गेली. त्यातून जो परत येऊन १९५८ पर्यंत जगला तो माणूस तुमचा पणजोबा. ११७ ला पुढे 'रॉयल' किताब मिळाला आणि १९२२ च्या फेररचनेत ती पाचवी रॉयल पलटण झाली.

ते पदक आता चिंचेनं घासू नका. उरलेली अक्षरं जातील.

टाकसाळ_मोडी :
मागच्या कागदाचा फोटो बाजूनं टॉर्च मारून काढा असं परवा कळवलं होतं, तो मिळाला, धन्यवाद. मोडीच आहे, घाईचं व्यवहारी अक्षर, वरचा कोपरा कसरीनं खाल्लाय त्यामुळे चित्रकाराचं नाव गेलं. हा पत्र नाही, हिशेबाचा कागद आहे. जेवढं नक्की लागतंय तेवढंच सांगतो, अंदाजाचं सोडून देतो.

पहिल्या ओळीत "चि." आणि पुढे नाव, त्याच्या आधी "जमादार". नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला खाजगीत कळवलंय, घरच्यांकडून ताडून घ्या. दुसऱ्या ओळीत "तसबीर १". तिसऱ्या ओळीत "बैठक ३". चौथीत "फोटो परत दिला". खाली रक्कम आहे पण आकडा नेमका घडीवर आलाय.

"चि." म्हणजे लिहिणाऱ्यासमोर बसलेला गिऱ्हाईक बाप आहे, तसबीर मुलाची आहे. आणि "बैठक ३" हे रंगपेटीताईंच्या बोलण्याशी जुळतं. फोटो परत दिला म्हणजे चेहरा फोटोवरून. मग तीन बैठका कुणाच्या?

रंगपेटी_शहापूर :
बापाच्या. म्हातारा तीन दिवस खुर्चीत बसला, मुलासारखी वर्दी अंगावर चढवून. चित्रकारानं त्याचे हात जसे होते तसेच काढले, करंगळीसकट. त्याला तरुण हात काढता आले नसते असं नाही, एवढा हात तयार असलेला माणूस करंगळी सहज सरळ करू शकला असता. नाही केली.

कॅम्पातला_फौजी :
आणि पदकं त्यानंच सांगून उजवीकडं काढायला लावली असणार. जुना फौजी, त्याला रीत ठाऊक. स्वतःच्या छातीवर असती तर डावीकडं लावली असती. पण चित्रात छाती पोराची. डावी बाजू पोराच्या फितींना सोडली आणि आपली उजवीकडं घेतली. रीत अशी की गेलेल्या बापाची पदकं पोरगं उजवीकडं लावतंय. हितं पोरगं गेलंय आणि बाप जिता हाय. मला आज दिवसभर दुसरं काई सुचलं न्हाई, मिसेसला वाचून दाखवलं.

आफ्रिका स्टार आणि इटली स्टार दोन्ही असलं तर बघा, मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण १९४१ ला केरेनला होती, एरिट्रियात, आणि १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. त्याच पलटणीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तिथं पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, इंग्रजांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक. अत्तींचे थोरले काका त्याच पलटणीचे असतील असं मी म्हणत न्हाई, पण कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज म्हणून महायुद्धात पडलेल्यांच्या समाध्या सांभाळणारी संस्था हाय, तिच्या यादीत शोधा, ऑनलाइन हाय. इंग्रजी स्पेलिंग वेडंवाकडं असणार, गावाच्या नावानं आणि बेळगाव जिल्ह्यानं बघा. बापाचं नावबी बऱ्याच ठिकाणी दिलेलं असतंय.

मलप्रभाकाठ :
सापडलं. रात्री दीड वाजता सापडलं.

आडनावात दोन अक्षरं चुकलीत, गावाचं नाव अर्धंच आहे, पण बापाचं नाव आमच्या पणजोबांचं, आईचं नाव पणजीचं. जमादार, ५ वी मराठा लाइट इन्फंट्री, तिसरी बटालियन, जुलै १९४४. इटलीतल्या कॅसिनो मेमोरियलवर नाव आहे, म्हणजे ज्यांची समाधी माहीत नाही त्यांच्यात. टाकसाळ_मोडींनी पाठवलेलं नाव तेच.

अत्तीला कालच फ्लॅटवर घेऊन आलो होतो. सकाळी तिला चित्रासमोर बसवून सगळं सांगितलं. तिनं चष्मा पुसला, चेहरा बघितला, मग हात बघितले, बराच वेळ. म्हणाली, "म्हंजे मी बरोबरच म्हणत होते." मग म्हणाली खुर्ची पण घरातलीच आहे, हाताच्या टोकाला कमळ कोरलेलं, ती माडीवर पडलीय, घर उतरवताना टाकू नका.

पुण्यातली_बेळगावकर :
रडू आलं. खुर्ची नक्की आणा.

मलप्रभाकाठ :
खुर्ची आणतोय रविवारी. आता दोन कामाच्या गोष्टी विचारतो. कपाळावर गंध लावून लावून तिथला रंग गेलाय, खालचं कापड दिसतं, आणि सगळ्या चित्रावर धुराची काजळी आहे. बंधू म्हणतात खोबरेल तेलाचा बोळा फिरवला की चकाकतं. दुसरं, खाली पितळी पट्टी लावायची आहे, त्यावर काय लिहायचं?

रंगपेटी_शहापूर :
तेल अजिबात नको! बटाटा नको, लिंबू नको, ओला फडका पण नको. तेल रंगात मुरतं, वर धूळ धरतं आणि पुढे काळं पडतं. मऊ कोरड्या ब्रशनं, चित्र उभं धरून, वरून खाली धूळ काढा, बास. जिथे रंग पापुद्र्यासारखा सुटलाय तिथे ब्रशपण लावू नका. गंधाची जागा कुणाकडून रंगवून घेऊ नका, चित्रांचं संवर्धन शिकलेल्या माणसालाच दाखवा, तोवर आहे तसं राहू दे. बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, आपल्याकडच्या पावसात ती भिंत ओल धरते, मागे बुरशी येते. आतल्या भिंतीवर, चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून, हवा खेळेल असं. मोडीचा कागद काढू नका, तिथेच राहू दे, फक्त चांगले फोटो काढून ठेवा. आणि गंध यापुढे चौकटीला लावा.

कॅम्पातला_फौजी :
चार फेब्रुवारीला मराठा लाइट इन्फंट्रीचा रेजिमेंटल डे असतोय, १६७० ला तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला तो दिवस. त्या आठवड्यात इथल्या मराठा सेंटरवर माझ्याबरोबर या, शर्कत युद्धस्मारक दाखवतो, म्युझियमबी बघू. पंखवाली आई संगट आणा, कडेवरचं नाव भिंगाखाली वाचून घेऊ.

पट्टीवर नावं दोघांचीबी घाला, पोराचं वर, बापाचं खाली, पलटणी आणि सालं. फक्त एक ऐका. पोराच्या नावाआधी हुद्दा लिहायचा तो जमादारच लिहा. नायब सुभेदार नको, कॅप्टन नको. बापानं कागदावर तेच लिहून घेतलंय.

मलप्रभाकाठ :
जमादारच लिहितो. खडेबाजारातल्या पाटीवाल्याकडे उद्या देतो.